सुतकातली नोटीस

बाबांचा तो चेक अजूनही पालघरच्या कोर्टात कुठल्यातरी फायलीला टाचलेला असेल, वाळवीने खाल्ला नसेल तर. कोर्टाने त्याच्यावर लाल शाईत 'निशाणी' असं लिहून आकडा घातला होता. आमच्या घरातल्या सगळ्या कागदांपैकी सरकारने एवढा मान त्या एकालाच दिला. दाव्याचा निकाल शेवटी काय लागला, हे सांगण्यात आता अर्थ नाही. तोवर ना बाबा राहिले होते, ना बोट. पण तो कागद आठवला की आजही माझं डोकं फिरतं. आणि ज्याने चेक दिला त्याच्यापेक्षा जास्त राग मला चांगुलपणाचा येतो. आमच्या घरात तो जरा कमी असता तर बाबा शेवटपर्यंत बोटवाले म्हणून जगले असते.

आमचं गाव चिंचणीच्या बाजूचं, खाडीच्या तोंडाशी. बाबांची दोन सिलेंडरची एक लहान बोट होती, त्यांनी स्वतः सुताराशेजारी बसून बांधून घेतलेली. आई बोंबील आणि जवळा सुकवून बोईसरच्या बाजारात विकायची. मी घरातली एकुलती एक, मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेली, आणि तारापूरच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्याच्या ऑफिसात चिकटलेली. नव्वद साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. मासा किनारा सोडून लांब गेला होता. लहान बोटीने रात्रभर जाळी मारून सकाळी डिझेलचे पैसेही सुटत नव्हते. गावात ज्याला जमेल तो मोठ्या बोटीच्या मागे लागला होता.

माझा मामा केळव्याला तशी मोठी बोट बांधायला काढत होता, चार वाटेकऱ्यांत. त्याने एक वाटा बाबांसाठी राखून ठेवला. "दसऱ्याला पान्यात घालायची हाय. तवर पैसे आना भावोजी, वाटा तुमचा," म्हणाला. वाटा मिळाला तर बाबा त्या बोटीचे मालक, चौथ्या हिश्श्याचे का होईना. नाही मिळाला तर पन्नाशी ओलांडल्यावर दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. आमच्याकडे बोटवाला आणि खलाशी एकाच ताटात जेवतात, पण लग्नाच्या मांडवात कोणाला कुठे बसवायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. बाबांनी बोट विकायला काढली.

घेणारा आमच्याच गावातला, पलीकडच्या आळीचा. त्याचा बर्फाचा धंदा होता, म्हणून सगळे त्याला बर्फवालाच म्हणत. आमची भावकी नव्हे, पण रोजचं येणं-जाणं. त्याने अर्धे पैसे रोख दिले आणि अर्ध्या रकमेचा चेक फाडला. रक्कम लिहिली, बाबांचं नाव लिहिलं, सही केली आणि तारखेची जागा मोकळी ठेवली. "होळीनंतर टाका तारीख," म्हणाला, आणि माझ्याकडे बघून, "तुमची पोर हापिसात हाय, तिला समदं कळतं." बाबांनी बोटीच्या पुस्तकावर नाव बदलायला सही करून दिली, इंजिनाला हात लावून नमस्कार केला, आणि पुढच्या टोकाला बांधलेल्या नारळासकट बोट त्याच्या ताब्यात गेली. चेक बाबांना पोस्टाच्या मनिऑर्डरीसारखा पक्का वाटत होता. बँकेचा छापील कागद, त्यावर माणसाची सही; आता कोण नाही म्हणणार, असं ते आईला समजावत होते. आईचा चेहरा काही फुलला नव्हता.

होळी झाली. बर्फवाला म्हणाला, टाक तारीख. मी ऑफिसातल्या माझ्या पेनाने तारीख टाकली. त्याची शाई काळी होती, माझी निळी. त्या दोन रंगांचं पुढे काय होणार आहे याची मला काय कल्पना! तारीख टाकल्यावर तोच म्हणाला, जरा थांबा, बँकेत टाकू नका, पुढच्या महिन्यात. मग पावसाळा लागला. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या, बर्फाचा धंदा बंद, कोणाकडेच पैसा नसतो, तेव्हा थांबा म्हणणं आमच्या गावात वावगं नव्हतं. नारळी पौर्णिमेला आमची बोट त्याचं निशाण लावून समुद्रात गेली. बाबा किनाऱ्यावर उभे होते. त्यांनी हात जोडले, तसे सगळ्यांच्याच बोटींना जोडतात.

मला ऑफिसात बसून एवढं कळत होतं की चेकचं आयुष्य तारखेपासून सहा महिने. ते संपत आलं तेव्हा मी घरात भांडण केलं आणि भाद्रपदात गणपती उठल्यावर चेक बँकेत भरायला लावला. तो वठला नाही. बँकेने एक छापील चिठ्ठी जोडून परत पाठवला. त्या चिठ्ठीवर चेक नाकारायच्या कारणांची लांबलचक यादी छापलेली होती: सही जुळत नाही, अक्षरी आणि आकडी रकमेत फरक आहे, तारीख नाही, खाडाखोड आहे. आमच्या चेकपुढे 'रक्कम अपुरी' या कारणाला खूण केली होती. बाबांनी ती चिठ्ठी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली. त्यांना फक्त स्वतःची सही करता येत होती.

आमच्या ऑफिसात चेक परत येणं रोजचंच होतं. मालक म्हणाले, "अगं, आता नवा कायदा आलाय. चेक परत आला की गुन्हा. नुसती नोटीस गेली तरी माणसं धावत पैसे आणून देतात." मी दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून पालघरला गेले. कोर्टासमोर पत्र्याच्या शेडमध्ये बसणारे एक वकील कोणीतरी सांगितले होते. त्यांनी चेक आणि चिठ्ठी बघितली, रंग बदललेल्या तारखेवर जरा बोट ठेवलं, आणि म्हणाले, "तारीख त्याच्या सांगण्यावरून भरली ना? मग भरायचा अधिकार आहे तुम्हाला. ते बघू नंतर. आधी हे ऐका. ही चिठ्ठी मिळाल्यापासून पंधरा दिवसांत त्याला लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून त्याला पैसे द्यायला पंधरा दिवस. नाही दिले तर त्यानंतर महिन्याभरात फौजदारी फिर्याद. यातलं एक जरी चुकलं तरी फौजदारी गेली. मग बसा दिवाणी दावा लढवत."

त्यांनी समोरच्या टायपिस्टकडून नोटीस टाइप करून घेतली. मीही टायपिस्ट असल्यामुळे तिची बोटं चुकत होती तिथे मला दिसत होतं, पण तेव्हा ती जगातली सगळ्यात सुंदर नोटीस वाटली. वकील म्हणाले, "प्रतीवर वडिलांची सही आणा, मग मी रजिस्टर पोस्टाने धाडतो. उद्या त्यांनी म्हणायला नको, मी सांगितलंच नव्हतं." मी ती घेऊन बोईसरला उतरले आणि चिंचणीची एसटी पकडली. फार दिवसांनी मला भूक लागली होती.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. बाबा म्हणाले, दिवेलागणीला घेण्या-देण्याच्या कागदावर सही करायची नाही, सकाळी करतो. मी वाद घातला नाही. एका रात्रीने काय बिघडणार होतं?

सकाळी बर्फवाल्याची आई वारली.

आमच्या गावात मयत झालं की त्या दिवशी बोटी समुद्रावर जात नाहीत. खाडीत सगळ्या बोटी उभ्या होत्या, त्यांत आमचीही. बाबांनी म्हातारीला खांदा दिला. परत येऊन आंघोळ केली आणि पुढच्या ओटीवर बसले. मी नोटीस आणि पेन घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी घाण उचलून आणली आहे.

"तेराव्यापत्तूर त्या घरी मागनं नाय," ते म्हणाले. "सुतकातल्या घरी वकिलाचा कागूद धाडायचा नाय."

"बाबा, पंधरा दिवसच आहेत."

"मंग ते मोजनाऱ्याला सांग, म्हातारी मेली म्हनून."

आई आतून बाहेर आली. तिच्या हाताला बोंबलाचा खारट चिकटा होता. "तुमी म्हातारीला कागूद धाडताय का? तिच्या पोराला धाडताय. पोरगा जिता हाय."

बाबा म्हणाले, "माझ्या बोटीवर पयला नारळ त्या म्हातारीनं वाढवलेला. तिचा हात चांगला म्हनून तिलाच बोलावलेलं. त्या घरात मुंडन करून बसलेल्या मान्साने पोस्टमनच्या कागदावर सही करायची? असा पैसा मना नको."

हे ऐकून आई आत गेली. मी हटले नाही. त्या दिवसांत मी बाबांशी जितकी भांडले तितकी आयुष्यात कोणाशी भांडले नाही. मी त्यांना भित्रे म्हटलं, अडाणी म्हटलं. ते ऐकून घेत आणि संध्याकाळ झाली की पंचा खांद्यावर टाकून त्या घरी जाऊन बसत. सुतकाच्या घरी संध्याकाळी चार माणसं बसायला जातात. बाकीचे चार दिवसांनी कमी झाले. बाबा मात्र रोज जात. मला वाटतं, ज्याच्याकडे आपले पैसे अडकलेत त्याच्या दारी गेलो नाही तर लोक म्हणतील पैशासाठी तोंड फिरवलं, असंही त्यांना वाटत असावं. ज्याने पैसे बुडवले त्याला मात्र लोकांची भीती वाटत नव्हती.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. सगळा गाव ऊन खात उभा. म्हातारीचा जीव कशात अडकलाय म्हणून एकेक जण विचारून बघत होता. नातवाचं लग्न करीन म्हणून सांगितलं, लेकीला साडीचोळी करीन म्हणून सांगितलं, कावळे वडावर बसून राहिले. शेवटी गर्दीतून कोणीतरी म्हणालं, तिला बोटीच्या पैशाची काळजी होती. मग बर्फवाला पुढे आला. मुंडन केलेलं डोकं, ओलं धोतर, हात जोडलेले. "आये," म्हणाला, "बोटीचे पैसे मी देईन. एक रुपया ठेवनार नाय." आणि कावळा शिवला.

हे मी डोळ्यांनी बघितलं नाही, मी ऑफिसात होते. बाबांनी घरी येऊन सांगितलं. त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता की मला त्यांच्यावर चिडताही येईना. "पिंडापुढे बोललाय तो," ते म्हणाले. "आता कोर्टाची गरज नाय." आमच्याकडे पिंडापुढे दिलेला शब्द मोडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. आईसुद्धा म्हणाली, आता देईल. खरं सांगते, मलाही वाटलं देईल. नोटीस माझ्या पर्समध्येच होती. मी तिची घडी उलगडून बघायचंही सोडून दिलं होतं.

तेराव्याला गाव जेवलं. बाबा जेवले. माझ्या हिशेबाने तो पंधरावा दिवस होता. मी ऑफिसातून परत येताना एसटीच्या खिडकीतून चिंचणीचं पोस्ट बंद होताना बघितलं आणि मन आवरून धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पैसे आणायला गेले. लगेच परत आले. बर्फवाला म्हणाला होता, बारावा-तेरावा करून हात रिकामा झालाय, दिवाळीनंतर बघू. आणि वर म्हणाला, कालच सुतक फिटलं आणि आज तुम्ही दारात. बाबांनी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि माझ्याकडे हात केला. "आन तो कागूद." त्यांनी सही केली. एवढी हळू केली की शेवटचं अक्षर पूर्ण होईपर्यंत मी पर्स खांद्याला लावून तयार होते.

मी पालघरला पोचले. वकिलांनी चिठ्ठीवरची तारीख बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, बोटाने मोजलं, परत मोजलं. "काल," म्हणाले. "काल संध्याकाळपर्यंत टाकली असती तरी चाललं असतं."

मी त्यांना सुतक सांगितलं. दहावा सांगितला, कावळा सांगितला. ते चांगले गृहस्थ होते, हसले नाहीत. "बाई, कायद्यात रविवार धरतात, सुट्टी धरतात. सुतक धरत नाहीत. तेही दुसऱ्याच्या घरचं." चेक परत बँकेत भरून नवी चिठ्ठी मिळवायची सोय तेव्हा होती म्हणे, पण चेकचे सहा महिनेही त्या तेरा दिवसांतच संपले होते. पुढे कितीतरी वर्षांनी कायदा बदलला आणि नोटिशीचे पंधराचे तीस दिवस झाले. ही बातमी मी पेपरात वाचली तेव्हा पेपर घडी करून ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाही.

दसऱ्याला केळव्याला मामाची बोट पाण्यात गेली. अर्ध्या पैशांत वाटा मिळत नव्हता; तो शेजारच्या माहीमच्या एका माणसाने घेतला होता. मामा तरी काय करणार? त्याची लाकडं, सुतार, इंजिन, सगळं उधारीवर. बाबा तरीही गेले. बोट पाण्यात ढकलताना सगळ्यात पुढे त्यांचाच खांदा होता, असं मामी सांगत होती. परत येऊन त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात गावातल्या एका बोटीवर खलाशाचं काम धरलं.

आमच्याकडे बोट किनाऱ्याला लागली की वर ओढायला हाताशी असेल तो प्रत्येक जण धावतो. कोणाची बोट हे बघत नाहीत. कधी कधी बाबांची पाळी नसे आणि ते किनाऱ्यावर जाळं विणत असत, आणि आमची बोट, म्हणजे बर्फवाल्याची, येत असे. बाबा उठत, दोराला हात लावत, इतरांबरोबर "होऽ" करून ती वर ओढत आणि परत येऊन सुई हातात घेत. आईने एकदा हे बघितलं आणि त्यानंतर ती माशाला किनाऱ्यावर गेली नाही. बाजाराचा माल ती दुसऱ्या बायकांकडून मागवायला लागली.

फौजदारी गेली तरी दिवाणी होती. वकील म्हणाले, चेकवरचा दावा आहे, झटपट चालतो, समोरच्याला उत्तर द्यायलासुद्धा आधी कोर्टाची परवानगी लागते. आईच्या पाटल्या मोडून कोर्ट फी भरली. बर्फवाल्याने परवानगी मागितली आणि ती त्याला लगेच मिळाली. दावा झटपट चालायचा राहिला आणि इतरांसारखा चालायला लागला. त्याचं म्हणणं असं की पैसे मी रोख देऊन टाकले, चेक नुसता तारण म्हणून दिला होता, बिनतारखेचा, तो परत घ्यायचा राहिला. यांनी मागाहून स्वतःच तारीख टाकली. बघा, शाई वेगळी, अक्षर वेगळं. त्यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं होतं. मला तेव्हा कळलं की अर्धवट चेक घेणं म्हणजे खोटं बोलायची जागा आपणच मोकळी ठेवून देणं.

बाबांच्या साक्षीची तारीख पडायला वर्षं गेली. ते धुवट सदरा घालून पिंजऱ्यात उभे राहिले. समोरचा वकील तरुण होता, आवाज मऊ.

"तुम्हाला वाचता येतं?"

"नाय."

"मग चेकवर काय लिहिलं होतं, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"पोरीनं."

"तारीखही पोरीनंच टाकली?"

"त्यानंच टाकाया सांगितली."

"बरं. यांच्या मातोश्री वारल्या, तेव्हा खांदा कोणी दिला? तुम्हीच ना? आणि रोज संध्याकाळी बसायला कोण जात होतं?"

"मीच."

"तेराव्याला त्यांच्या घरी जेवलात?"

मला वाटलं, नाही म्हणा. एकदा तरी खोटं बोला.

"जेवलो," ते म्हणाले.

वकील न्यायाधीशांकडे वळला. "ज्याने आपले एवढे पैसे बुडवले त्याच्या घरी कोणी जेवतं का, साहेब? यांच्यात देणं-घेणं शिल्लकच नव्हतं."

"मी म्हातारीचं जेवलो," बाबा म्हणाले. "त्याचं नाय." मग त्यांनी पिंडाचं सांगायला सुरुवात केली, कावळ्याचं. न्यायाधीश म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. ते वाक्य टाइप झालं नाही. टाइपराइटरचा आवाज कुठे थांबला हे मला बरोबर कळलं. माझा धंदाच तो होता. बाहेर आल्यावर बाबांनी मला विचारलं, "माझं चुकलं का ग बाय?" मी म्हटलं, नाही. त्या क्षणी मला इतकं हताश वाटलं की कोर्टाच्या पायरीवर बसून मोठ्याने रडावं. पण बाजूला माणसं होती, आणि आम्हाला एसटी गाठायची होती.

पुढची साक्ष माझी होती. तारीख मी टाकली होती, म्हणून ती मीच सांगायला हवी. वकील म्हणाले, "तुझी साक्ष नीट झाली तर दावा अजून उभा राहू शकतो. तू गडबडू नकोस." चार वेळा कोर्टात गेले, चार वेळा पुढची तारीख घेऊन आले. कधी समोरचा वकील आजारी, कधी न्यायाधीश रजेवर. पाचवी तारीख ठरली आणि तिच्या आठ दिवस आधी बाबा गेले. बोटीवरून आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि तारापूरच्या दवाखान्यात न्यायच्या आत संपलं.

त्या दिवशी बोटी समुद्रावर गेल्या नाहीत. बर्फवाला आला. त्याने बाबांना खांदा दिला. त्याला नको म्हणायचं कोणाच्या मनातही आलं नाही, माझ्याशिवाय. मी बाईमाणूस, मला कोण विचारतं.

आठव्या दिवशी मी कोर्टात गेले. सुतकात घराबाहेर पडून कोर्टाची पायरी चढणारी गावात मी पहिलीच असेन. आळीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. काकू म्हणाली, बापाचा दहावा व्हायचा हाय आणि ही निघाली. मी म्हटलं, बापानेच एकदा थांबून बघितलंय. आईने माझ्या पदराला पिन लावून दिली.

आमच्या वकिलांनी आई आणि मला दाव्यात बाबांच्या जागी वारस म्हणून लावायचा अर्ज तयार ठेवला होता. ते म्हणाले, आज मंजूर झाला तर तुझी साक्षही आजच घ्यायला सांगतो. पुकारा झाला. मी पुढे झाले. बर्फवाला आला नव्हता. त्याचा मऊ आवाजाचा वकील उठला. त्याने आधी बाबांबद्दल दुःख व्यक्त केलं. मग म्हणाला, "साहेब, वादींच्या घरी सुतक आहे. आमचे पक्षकारही त्याच गावचे, तेही मयताला होते, त्यांनाही वाईट वाटतंय. अशा दिवसांत या मुलीला पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेणं मलाच बरं वाटत नाही. अर्जावर म्हणणं द्यायलाही वेळ लागेल. माणुसकीच्या दृष्टीने लांबची तारीख द्यावी."

मी आमच्या वकिलांची बाही ओढली. "मी तयार आहे," मी म्हटलं, मोठ्यानेच. न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची नजर खरोखर मायेची होती. "बाई, घरी जा," ते म्हणाले. "तुमचे विधी होऊ देत आधी. कोर्ट कुठे पळून जात नाही." आणि त्यांनी पावसाळ्यानंतरची तारीख दिली.

घरी आले तेव्हा आई मागच्या दारी बसली होती. बोंबील सुकवायच्या वलांड्या सुतकामुळे रिकाम्या होत्या.

"काय झालं?"

"पुढची तारीख."

"का?"

"आपल्या घरी सुतक आहे म्हणून."

"म्हंजे कोर्टात सुतक चालतं?"

"चालतं," मी म्हटलं.

"मंग तवा का नाय चाललं?"

मी चपला काढल्या आणि आंघोळीला गेले.